शेड्यूल बदलण्याची किंमत कोण मोजतो? : कार कंपन्यांच्या खरेदीप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
कार उत्पादक कंपन्यांच्या खरेदी व पुरवठा नियोजन विभागांचे प्रमुख

विषय : पुरवठ्याच्या शेड्यूलमधील बदलांचा खर्च आणि त्याची जबाबदारी

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

मी पत्र्याचे प्रेस केलेले सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात उत्पादन नियोजनाचे काम करतो. आमचा माल थेट तुमच्या दारात येत नाही. आम्ही बनवलेले ब्रॅकेट सीट बनवणाऱ्या कंपनीकडे जातात आणि ती कंपनी तयार सीट तुमच्या असेंब्ली लाइनवर, गाड्या ज्या क्रमाने येणार त्याच क्रमाने लावून, पोचवते. तुमच्या परिभाषेत ती कंपनी टिअर-वन, म्हणजे पहिल्या पायरीची पुरवठादार, आणि आम्ही टिअर-टू, म्हणजे दुसऱ्या पायरीचे. साहजिकच आपला प्रत्यक्ष पत्रव्यवहार कधी होत नाही. तुमच्या शेड्यूलमधला प्रत्येक बदल आमच्यापर्यंत न चुकता येतो, पण त्या बदलाचे आमच्याकडे पुढे काय होते याची बातमी वर तुमच्यापर्यंत कधी जात नाही. ती जावी म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की, गेल्या काही दशकांत तुमच्या ताळेबंदातून जो साठा कमी झालेला दिसतो, तो नाहीसा झालेला नाही. तो एकेक पायरी खाली सरकत, ज्याला भांडवल सर्वांत महाग पडते अशा पुरवठादाराच्या गोदामात जाऊन बसला आहे. शेड्यूल बदलण्याचा अधिकार एकाकडे आणि बदलाचा भुर्दंड दुसऱ्याकडे अशी ही व्यवस्था आहे. ज्याला बदल फुकट पडतो तो बदल करतच राहणार, त्यात कोणाच्या स्वभावाचा दोष नाही. म्हणून तुमच्याकडे सहानुभूती मागण्यापेक्षा बदलाला किंमत लावा, अशी मागणी मी करत आहे.

आमच्या बाजूने हे कसे दिसते ते एका सुट्या भागावरून सांगतो. सीटखालच्या एका ब्रॅकेटचे चार प्रकार आहेत : डावा आणि उजवा, आणि त्या प्रत्येकात हाताने सरकणाऱ्या सीटचा एक, मोटरवर चालणाऱ्या सीटचा एक. दर आठवड्याला ईडीआयवर, म्हणजे संगणकावरून थेट संगणकाकडे, शेड्यूल (कोणता भाग कधी आणि किती हवा याचे वेळापत्रक) येते. त्यात जवळचे काही आठवडे पक्के समजायचे, त्यापुढचे महिने अंदाजाचे. ब्रॅकेटला लागणारा पत्रा ठरावीक प्रतीचा, ठरावीक जाडीचा आणि आमच्या डायच्या (प्रेसमध्ये बसवायच्या साच्याच्या) मापाने चिरलेला असावा लागतो. अशी कॉइल (पत्र्याची गुंडाळी) पोलाद कारखान्याकडे कित्येक आठवडे, कधी काही महिने आधी नोंदवावी लागते, म्हणजे ती नोंदवताना आमच्या हातात तुमचा निव्वळ अंदाज असतो. कॉइल आली की डाय चढवायची, पहिले नग तपासून घ्यायचे आणि मग एका दमात पुढच्या अनेक दिवसांचा माल काढून ठेवायचा, कारण दर थोड्या नगांसाठी डाय बदलत बसलो तर प्रेस चालण्यापेक्षा थांबलेलीच जास्त राहील. मग माल प्लेटिंगसाठी, म्हणजे धातूचा मुलामा देण्यासाठी, बाहेर जातो. प्लेटिंगवाल्याची बॅच त्याच्या टाकीच्या हिशोबाने ठरते, आमच्या घाईने नाही. परत आल्यावर तपासणी, मोजणी, बिन भरणे, लेबल लावणे आणि पाठवणी.

आता समजा, गुरुवारी संध्याकाळी बदललेले शेड्यूल येते. पुढच्या आठवड्यात मोटरच्या सीटचे नग जवळजवळ दुप्पट, हाताच्या सीटचे निम्म्याहून कमी. गाड्यांची एकूण संख्या मात्र तीच. तुमच्या मासिक अहवालात या आठवड्याचा अंदाज अगदी बरोबर ठरलेला असतो, कारण तुम्ही तो गाड्यांच्या आकड्यावर मोजता. आम्हाला तो पार्ट नंबरवर, म्हणजे भागाच्या प्रत्येक प्रकारावर वेगळा, मोजावा लागतो आणि आमच्या चार पार्ट नंबरांपैकी चारही चुकलेले असतात. नेमके घोडे पेंड खाते ते इथे. बदलाचे कारण बहुधा आमच्याशी संबंधितही नसते. कुठल्या तरी तिसऱ्या भागाची टंचाई झालेली असते, म्हणून तो भाग न लागणाऱ्या गाड्या तुम्ही पुढे घेतलेल्या असतात. लाइन चालू ठेवण्याच्या दृष्टीने तो निर्णय शहाणपणाचाच असतो. पण त्याच्या पोटी आमच्याकडे रविवारी प्रेस चालते, प्लेटिंगवाल्याला जादा दर द्यावा लागतो, खास गाडी करून माल पाठवावा लागतो, आणि न लागलेले हाताच्या सीटचे ब्रॅकेट रॅकवर पडून राहतात. त्यांचे पैसे ते उचलले जातील तेव्हा मिळणार आणि कॉइलचे पैसे मात्र पोलादवाल्याला आधीच गेलेले.

या सगळ्याला तुमच्या सादरीकरणांत जस्ट-इन-टाइम म्हटले जाते. ही कल्पना टोयोटाच्या किइचिरो टोयोडा यांनी १९३० च्या दशकात मांडली आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ताइइचि ओहनो यांनी ती कारखान्यात प्रत्यक्ष रुजवली. लागेल तेव्हा, लागेल तेवढेच मागवायचे, हा तिचा अर्धा भाग जगभर उचलला गेला. उरलेला अर्धा भाग उचलायला कष्टाचा होता. टोयोटाच्या पद्धतीत उत्पादन सपाट करण्याला, म्हणजे महिन्याची मागणी प्रकारांसकट रोजच्या रोज समान वाटून घेण्याला, ज्याला ते हेइजुंका म्हणतात, पायाचे स्थान आहे. रोजचा वेग आणि रोजचे मिश्रण जवळपास स्थिर असेल तरच कानबानची कार्डे (वापरला तेवढाच माल पुन्हा मागवणाऱ्या चिठ्ठ्या) खालच्या कारखान्याला लहानसहान चढउतार सांभाळायला पुरतात. वरची मागणी उसळत ठेवून खालच्याला कार्डे पाठवली, तर तो आपल्या बचावासाठी साठाच करणार. म्हणजे ज्याने साठा न ठेवता पुरवठा करावा अशी अपेक्षा आहे, त्याला साठा ठेवल्यावाचून गत्यंतरच राहत नाही. आमच्या ग्राहकाच्या तपासणी पथकाने मागे आमच्या गोदामातला तयार माल पाहून 'हा अपव्यय आहे' असा शेरा मारला होता. तो माल त्यांच्याच शेड्यूलच्या भीतीने ठेवलेला होता, पण त्या शेऱ्याच्या फॉर्ममध्ये कारण लिहायला रकाना नव्हता.

मागणीतला लहानसा चढउतार साखळीत मागे मागे जाताना मोठा होत जातो, हे काही नवे ज्ञान नाही. एमआयटीतील जे फॉरेस्टर यांनी ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले, आणि १९९७ मध्ये हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची कारणे उलगडली : प्रत्येक पायरीवर नव्याने काढलेला अंदाज, बॅचने दिलेल्या ऑर्डरी, किमतींतली चढउतार आणि टंचाईच्या काळात मिळेल तेवढे पदरात पाडून घेण्यासाठी फुगवलेल्या मागण्या. तुमच्यापैकी बहुतेकांनी हे व्यवस्थापनाच्या पहिल्याच वर्षात शिकलेले असेल. तरीही प्रत्यक्ष ग्राहकाची मागणी काय आहे हे पाहण्याची सोय आजही फक्त तुम्हालाच आहे. टिअर-वनला तुमची ऑर्डर दिसते, आम्हाला टिअर-वनची, आणि पोलाद कारखान्याला आमची. प्रत्येक जण वरच्याच्या आकड्यात आपली धास्ती मिसळून पुढे पाठवतो.

२०२० आणि २०२१ मध्ये चिपच्या बाबतीत जे घडले ते याच रोगाचे सर्वांत महागडे रूप होते. २०२० च्या वसंतात कारखाने बंद पडले, तेव्हा कार कंपन्यांनी आणि त्यांच्या मोठ्या पुरवठादारांनी चिपच्या ऑर्डरी कमी केल्या. तेवढ्यात घरून काम करणाऱ्यांसाठी संगणक आणि इतर इलेक्ट्रॉनिक वस्तूंची मागणी वाढली आणि चिप कारखान्यांची मोकळी झालेली क्षमता तिकडे गेली. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात गाड्यांची विक्री अपेक्षेपेक्षा लवकर सावरली आणि तुम्ही पुन्हा रांगेत येऊन उभे राहिलात, पण शेवटी. वेफर (ज्या सिलिकॉनच्या चकतीवर चिप घडते ती) चढवल्यापासून चिप हातात येईपर्यंत तीन-चार महिने आणि त्याहूनही अधिक काळ जातो; तो काळ कोणाच्या ई-मेलने आखूड होत नाही. शिवाय गाडीला लागणाऱ्या बऱ्याच चिप जुन्या तंत्रावर बनतात, आणि जुन्या तंत्रात नवी गुंतवणूक करायला चिपवाले फारसे उत्सुक नव्हते. भरीला मार्च २०२१ मध्ये जपानमधील रेनेसास या चिप कंपनीच्या नाका येथील कारखान्याला आग लागली. अ‍ॅलिक्सपार्टनर्स या सल्लागार कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये अंदाज वर्तवला की, त्या एका वर्षात जगभरात ७७ लाख गाड्यांचे उत्पादन बुडेल आणि उद्योगाचे २१० अब्ज डॉलरचे उत्पन्न हुकेल. ऑर्डर रद्द करणे त्या क्षणी फुकट होते, म्हणूनच ती इतक्या सहज रद्द झाली. रद्द करण्याला आधीच किंमत ठरलेली असती, तर तुमच्याच वित्त विभागाने दोन वेळा विचार करा म्हणून सांगितले असते.

त्या टंचाईच्या सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत कमी अडचणीत आलेल्यांमध्ये टोयोटा होती, आणि तिचे कारण उल्लेखनीय आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर त्याच नाका कारखान्याचे काम बंद पडले होते, आणि त्या अनुभवातून टोयोटाने साखळीच्या खालच्या पायऱ्यांचा नकाशा तयार केला व ज्या भागांना पर्याय उभा करायला फार वेळ लागतो अशा भागांचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवण्याची व्यवस्था पुरवठादारांकडे केली. साठा म्हणजे अपव्यय असे जगाला शिकवणाऱ्या कंपनीनेच हे केले, यात विसंगती नाही. लीड टाइम (मागवल्यापासून माल हाती येईपर्यंतचा काळ) लांब असेल तिथे साठा आणि आखूड असेल तिथे प्रवाह, हे तिच्याच विचाराचे पुढचे पाऊल आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा तपशील. पुरवठादारांकडून दरवर्षी मागितल्या जाणाऱ्या किंमतकपातीचा काही भाग टोयोटा या साठ्याच्या मोबदल्यात त्यांना परत देत असल्याचे २०२१ मधील वृत्तांत आले होते. म्हणजे साठा पुरवठादाराच्या घरात, पण त्याचा खर्च ज्याला त्याची गरज आहे त्याच्या खात्यावर. माझी मागणी यापेक्षा फार वेगळी नाही.

आता नकाशाबद्दल. दर मोठ्या संकटानंतर तुमच्याकडून आम्हाला लांबलचक प्रश्नावली येते : तुमचा पुरवठादार कोण, त्याचा पुरवठादार कोण, कारखाना कुठे, पर्यायी कारखाना कुठे. ही माहिती तुम्हाला हवी हे रास्तच आहे. २०११ च्या त्याच भूकंपाने दाखवले की गाडीच्या रंगाला चमक देणारे झिरालिक नावाचे रंगद्रव्य तेव्हा जगात एकाच ठिकाणी, जपानमधील ओनाहामा येथील मर्कच्या कारखान्यात बनत होते. तो बंद पडताच फोर्डसारख्या कंपन्यांना काही काळ्या आणि लाल छटांच्या गाड्यांच्या नव्या ऑर्डरी थांबवाव्या लागल्या. पुढच्याच वर्षी ३१ मार्च २०१२ रोजी जर्मनीत मार्ल येथील एव्होनिकच्या कारखान्यात स्फोट झाला, दोन कामगार मृत्युमुखी पडले, आणि इंधनाच्या व ब्रेकच्या नळ्यांसाठी लागणाऱ्या नायलॉन-१२ या प्लास्टिकचा कच्चा माल जगभर दुर्मीळ झाला. या दोन्ही प्रसंगी कार कंपन्यांची समजूत अशी होती की आपल्याकडे अनेक पुरवठादार आहेत. होतेच, पण ते सगळे खाली जाऊन एकाच दारात रांग लावत होते. २०२५ मध्ये एप्रिलपासून चीनने काही दुर्मीळ मृदा धातूंच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन आणले, तेव्हा लहान मोटरांतल्या चुंबकांवरून, आणि ऑक्टोबरमध्ये नेक्सपेरिया या चिप कंपनीच्या साध्या, स्वस्त डायोड-ट्रान्झिस्टरांवरून हेच पुन्हा घडले. गाडीतला प्रत्येक स्क्रू मोजला तर सुमारे ३०,००० भाग भरतात. त्यांतला सर्वांत स्वस्त भागही नसला तर गाडी लाइनवरून उतरत नाही.

तेव्हा नकाशा हवाच. पण आम्ही त्या प्रश्नावल्या अर्धवट का भरतो, हेही तुम्ही समजून घ्यावे. आम्ही कोणाकडून, कोणत्या भावाने माल घेतो हे एकदा तुमच्या खरेदी विभागाला कळले की पुढच्या वाटाघाटीत तेच आमच्यासमोर मांडले जाते, किंवा आम्हाला वगळून थेट त्याच्याशी बोलणी सुरू होतात. ही भीती हवेतून आलेली नाही. १९९२ मध्ये जनरल मोटर्सच्या खरेदीची सूत्रे होसे इग्नासिओ लोपेझ यांच्या हाती आली आणि चालू करार बाजूला सारून नव्याने भाव मागवण्याची जी पद्धत त्यांनी रूढ केली, तिचे पडसाद ते १९९३ मध्ये फोक्सवॅगनला गेल्यानंतरही दीर्घकाळ उमटत राहिले. पुरवठादारांच्या स्मृती लांब असतात, आणि या व्यवसायात त्या बापाकडून मुलाकडेही जातात. जोखमीचा नकाशा काढणारे लोक आणि भाव पाडणारे लोक यांच्यात तुमच्याच कंपनीत भिंत उभी करा, ती माहिती वाटाघाटीत वापरली जाणार नाही असे करारात लिहून द्या, मग प्रश्नावली पूर्ण भरून येते की नाही ते पाहा.

विश्वास असला की काय होऊ शकते याचे सर्वांत बोलके उदाहरण १९९७ चे आहे. १ फेब्रुवारीला पहाटे जपानमधील कारिया येथे आयसिन सेइकीच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकचा दाब पुढच्या-मागच्या चाकांत वाटून देणारा एक लहानसा व्हॉल्व्ह तिथे बनत असे आणि टोयोटा तो जवळजवळ पूर्णपणे तिथूनच घेत असे. हाताशी साठा अगदी थोडा. काही दिवसांत टोयोटाच्या जपानमधील बहुतेक लाइन थांबल्या. आयसिनने आपली ड्रॉइंग मागेल त्याला दिली, आणि सुमारे दोनशे कंपन्या, त्यांत कधीही गाडीचा भाग न बनवलेली ब्रदर ही शिलाई यंत्रांची कंपनीसुद्धा, आपापल्या सर्वसाधारण यंत्रांवर ते व्हॉल्व्ह बनवू लागल्या. आठवडा-दीड आठवड्यात उत्पादन जवळपास पूर्वपदावर आले. भावाची आणि भरपाईची बोलणी आधी कोणी केली नाहीत. नंतर आयसिनने मदतीचा थेट खर्च चुकता केला आणि टोयोटाने आपल्या टिअर-वन पुरवठादारांना त्या तिमाहीतील विक्रीच्या एक टक्का रक्कम दिली.

या प्रसंगाचे कौतुक प्रत्येक पुरवठादार परिषदेत ऐकायला मिळते. परंतु त्यातला एकमेव पुरवठादाराचा धोका आणि त्यातली परतफेड, या दोन्ही गोष्टी कथनातून हळूच गळतात आणि उरते ते एवढेच की संकटात पुरवठादारांनी जिवाचे रान करावे.

याउलट रोजचा अनुभव काय आहे? आमच्याकडून माल उशिरा गेला आणि लाइन थांबली, तर मिनिटांच्या हिशोबाने डेबिट नोट (आमच्या बिलातून कापायच्या रकमेची चिठ्ठी) येते. ती बहुधा टिअर-वनला येते आणि टिअर-वन ती जशीच्या तशी, कधी वर आपली भर घालून, आमच्याकडे सरकवतो. ते तत्त्वतः मला मान्य आहे. माझ्या चुकीने तुमचे शेकडो कामगार हात बांधून उभे राहिले तर त्याची झळ मला बसायलाच हवी. पण तुमच्या बदलाने आमची प्रेस रविवारी चालली, तर त्याची उलटी नोट फाडण्याची सोय कोणत्याही करारात नाही. काही कंपन्यांच्या शेड्यूलवर अमुक आठवड्यांच्या तयार मालाची आणि तमुक आठवड्यांच्या कच्च्या मालाची जबाबदारी घेतल्याचा आकडा छापलेला असतो. चांगली पद्धत आहे. प्रत्यक्ष दावा केला की मात्र कागद मागवले जातात, संबंधित अधिकाऱ्याची बदली होते, आणि पुढच्या मॉडेलच्या कोटेशनची तारीख जवळ आली की दावा मागे घेतलेला बरा असे आम्हालाच वाटू लागते. आणि हे संरक्षण टिअर-वनपर्यंत येऊन थांबते. त्याने ते खाली द्यावे असे बंधन त्याच्यावर नसते, मग तो कशाला देईल?

ज्या मॉडेलची विक्री अंदाजाच्या निम्म्यावर राहते, त्याचीही हीच कथा आहे. आमचा नगाचा भाव वार्षिक संख्येवर बेतलेला असतो. डाय, फिक्स्चर आणि यंत्राचा खर्च त्या संख्येने भागलेला असतो. संख्या कोसळली तरी भाव तोच राहतो आणि उरलेला खर्च आमच्या अंगावर पडतो. अलीकडे विजेवरच्या गाड्यांच्या योजना अनेक कंपन्यांनी पुढे ढकलल्या, तेव्हा त्या संख्येच्या भरवशावर यंत्रे घेतलेल्यांच्या हाती बँकेचे हप्ते तेवढे राहिले. बंद झालेल्या मॉडेलच्या डाय सुट्या भागांसाठी वर्षानुवर्षे जपून ठेवण्याबद्दल तर स्वतंत्र पत्र लिहावे लागेल.

तुमच्याकडून येणारे उत्तर मला ठाऊक आहे : बाजार आमच्याही हातात नाही. खरे आहे. गाड्यांची मागणी स्थिर ठेवा असे कोणी सांगत नाही, आणि सगळे भाग स्वतःच बनवा असेही नाही. तो प्रयोग हेन्री फोर्ड यांनी करून पाहिला. रिव्हर रूजच्या संकुलात एका टोकाला लोहखनिज येई आणि दुसऱ्या टोकाने गाडी बाहेर पडे. रबरासाठी त्यांनी १९२८ मध्ये ब्राझीलच्या जंगलात मळा वसवला आणि १९४५ मध्ये तो तोट्यात सोडून दिला. साखळी अनेकांची असणारच, तिच्यात अनिश्चितताही असणार. त्या अनिश्चिततेचा किती भाग बाजाराचा आहे आणि किती तुमच्या घरातला, एवढा हिशोब मात्र तुम्ही करावा. महिनाअखेरीला विक्रीचा आकडा गाठण्यासाठी दिलेल्या सवलती, एकाच मॉडेलचे डझनावारी प्रकार, लाइनवर ऐन वेळी बदललेला क्रम, हे बाजाराने तुमच्यावर लादलेले नाही. प्रकारांचे तर विशेष आहे. एक जादा पर्याय कागदावर वाढवताना विपणन विभागाला काही खर्च दिसत नाही. त्याच पर्यायापायी वायरिंग हार्नेस (गाडीतल्या तारांचा जुडगा) बनवणाऱ्याकडे नवा पार्ट नंबर, नवा बोर्ड, नवी बिन आणि नव्या चुकीची एक शक्यता जन्माला येते.

म्हणून मागणी अशी आहे. ठरावीक आठवड्यांची मुदत गोठवा, आणि ती गाड्यांच्या संख्येवर नव्हे तर पार्ट नंबरच्या पातळीवर गोठवा. मुदत किती असावी हे भागाच्या लीड टाइमवर ठरू द्या. आमच्या ब्रॅकेटला पुरेल ती मुदत चिपला पुरणार नाही. गोठवलेल्या मुदतीत बदल करण्याचा हक्क तुमच्याकडे राहू द्या, पण त्याचा दर करारात आधीच लिहून ठेवा आणि तो बदल करणाऱ्या विभागाच्या खात्यातून जाऊ द्या, खरेदी विभागाच्या नाही; नाहीतर ज्याने बदल केला त्याला तो पुन्हा फुकटच पडेल. हा दर टिअर-वनकडे अडकू नये म्हणून त्याने तो खाली देणे बंधनकारक करा आणि तसे झाले की नाही हे कधीमधी थेट आम्हाला विचारा. तुमचा कच्चा अंदाज, त्यामागची कारणे आणि त्यातली अनिश्चितता खालच्या पायऱ्यांना पाहू द्या. 'हा आकडा पंधरा टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो' असे सांगितले तर आम्ही तशी तयारी करू शकतो, पण पक्का म्हणून दिलेला आकडा गुरुवारी बदलला तर काहीच करू शकत नाही.

आकड्यांची देवाणघेवाण वाढली की धोकाही वाढतो, याची मला जाणीव आहे. कोजिमा या प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या एका पुरवठादाराच्या संगणकांवर झालेल्या हल्ल्यामुळे १ मार्च २०२२ रोजी टोयोटाच्या जपानमधील १४ कारखान्यांतील २८ लाइन एक दिवस थांबल्या. लहान कारखान्यांना संगणक सुरक्षेच्या अटी पाठवताना तिचा खर्चही भावात धरावा लागेल, एवढेच इथे सांगतो.

दर महिन्याला तुम्ही पुरवठादारांचे गुणपत्रक काढता : वेळेवर पुरवठा, दर दहा लाख नगांमागे खराब नग, तक्रारीला उत्तर द्यायला लागलेला वेळ. त्याच पानावर एक ओळ स्वतःसाठी वाढवा. गोठवलेल्या मुदतीत किती पार्ट नंबर बदलले, हे त्यात येऊ द्या, आणि ते पान टिअर-टूलाही दिसू द्या. पुढच्या मॉडेलच्या करारांचे मसुदे सध्या तुमच्या टेबलावर असतील, तर वरील कलमे त्यांत घालण्याची वेळ हीच आहे. कारण एकदा डाय बनून आमच्या प्रेसवर चढली की आमच्याकडे वाटाघाट करण्यासारखे काही उरत नाही, आणि हे तुम्हालाही चांगले माहीत आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
टिअर-टू पुरवठादार कारखान्यातील एक उत्पादन नियोजक